आईचा पाट आणि तिसरी पिन

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझ्या भाच्याने गावाबाहेर प्लॉट घेऊन घर बांधायला काढले आहे. स्लॅब पडला, विटांच्या भिंती उभ्या राहिल्या, आणि गिलावा सुरू होण्याआधी एका सकाळी वायरमन खडू घेऊन हजर झाला. त्याने पहिला प्रश्न विचारला, ‘‘साहेब, पंधराचे पॉइंट किती आणि पाचचे किती?’’ भाचा संगणकातला माणूस. तो म्हणाला, ‘‘सगळे एकाच मापाचे का नाही करत?’’ वायरमन हसला. मला मात्र तो प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा वाटला नाही. आपल्या भिंतींवर लहान आणि मोठे अशी दोन भोकांची घराणी का नांदतात, यामागे शंभर वर्षांचा इतिहास आहे.

मुंबईत विजेचा पहिला दिवा लागला तो १८८२ साली, क्रॉफर्ड मार्केटात. ज्या कंपनीने तो लावला तिचे दिवाळे पुढच्याच वर्षी वाजले. मग १९०५मध्ये बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी आली, १९०७मध्ये विजेची ट्राम धावली आणि १९१५मध्ये टाटांच्या खोपोलीच्या केंद्रातून घाटातल्या पाण्याची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. घरात मात्र वीज म्हणजे दिवा, आणि ऐपत असलेल्याकडे पंखा, एवढाच अर्थ होता. सागवानी पट्टीत दोन खाचा, एका खाचेत एक तार, दुसरीत दुसरी, वरून लाकडाचेच झाकण. हेच ते केसिंग-कॅपिंग. जुन्या वाड्यांत आणि चाळींत अजूनही ते तुळईला चिकटलेले दिसते. त्यानंतर एका लाकडी पट्टीवर रबरी वायर ठेवून क्लिपांनी आवळायची बॅटन वायरिंग आली. दोन्ही प्रकार भिंतीच्या बाहेर. दिसायला कुरूप खरे, पण वायर कुठून कुठे गेली हे घरातल्या पोरालाही कळत असे. आज सगळे भिंतीच्या पोटात गेले आहे आणि खिळा ठोकताना छातीत धडधडते.

इस्त्री, शेगडी, पाणी तापवायचे यंत्र ही मंडळी मागाहून आली. त्यांची भूक मोठी. २३० व्होल्टवर पाच अँपिअर म्हणजे ११५० वॅट, पंधरा अँपिअर म्हणजे साडेतीन हजारांच्या आसपास. दिव्याच्या बारीक वायरीवर गिझर लावला तर वायरच गिझर होते. म्हणून जाड वायरीची वेगळी वाट काढून तिच्या टोकाला मोठा सॉकेट बसवू लागले. त्यातच दिव्याच्या विजेचा दर चढा आणि ‘पॉवर’चा उतरता, अशी पद्धत अनेक ठिकाणी होती. त्यामुळे घराला दोन मीटर असत. दोन वाटा, दोन दर, दोन मापे. आता दराचा तो भेद उरलेला नाही, वाटा आणि मापे मात्र उरली.

ही मापे ब्रिटिशांची. १९३४च्या त्यांच्या मानकात गोल पिनांचे दोन, पाच, पंधरा आणि तीस अँपिअरचे प्लग होते. गंमत अशी की, ज्यांनी ते आपल्याला दिले त्यांनी स्वतः ते टाकून दिले. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बवर्षावात पडलेली घरे पुन्हा उभारायची तर तांबे वाचवायला हवे होते. त्यासाठी नेमलेल्या समितीने १९४४मध्ये नवी रचना सुचवली: घरभर एकच वायर फिरवून ती कडीसारखी परत फलकाला आणायची, सगळीकडे एकाच मापाचे सॉकेट ठेवायचे आणि प्रत्येक प्लगच्या पोटात त्याचा त्याचा फ्यूज. कॅरोलिन हॅस्लेट या त्या समितीतल्या एकमेव स्त्री सदस्य. लहान मुलाने भोकात काही खुपसले तरी धोका होऊ नये म्हणून आत झडपा असाव्यात, ही अटही त्या रचनेत आली. हा चौकोनी पिनांचा प्लग तिथे आला १९४७ साली. त्याच वर्षी ब्रिटिश इथून गेले, आणि त्यांचे गोल प्लग आपल्या भिंतीवर राहिले. आपल्या मानकाने ते पुढे सहा आणि सोळा अँपिअरचे म्हणून नोंदवले. वायरमनच्या तोंडी अजून पाच आणि पंधराच आहेत.

भाच्याचा प्रश्न इथे सुटतो. पण मला बोलायचे आहे ते वरच्या जाड पिनेबद्दल.

आमच्या लहानपणी घरात फ्रिज आला. त्याला हात लावला की मुंग्या येत, पावसाळ्यात तर चांगला झटका बसे. आईने त्याच्यापुढे जेवणाचा पाट टाकून ठेवला. पाटावर उभे राहून फ्रिज उघडायचा, हा घरचा नियम. कित्येक वर्षे तो आम्ही पाळला, पाहुण्यांनाही सांगायचो. फ्रिजचा तो स्वभावच आहे असे आम्ही धरून चाललो होतो. पुढे स्वयंपाकघराची दुरुस्ती निघाली, बोर्ड उघडला, तर अर्थिंगची वायर कापून, घडी घालून मागे कोंबलेली. ती कुठेही जोडलेली नव्हती. तीन भोके होती, तिसऱ्यामागे काही नव्हते.

ती पिन उगाच जाड आणि लांब नसते. जाड अशासाठी की ती चुकून दुसऱ्या भोकात शिरू नये. लांब अशासाठी की प्लग लावताना ती सर्वांत आधी टेकावी आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावी. यंत्राच्या पत्र्यात वीज उतरली तर तिला जमिनीत जायला तीच सोपी वाट. त्या वाटेने मोठा प्रवाह धावतो आणि फ्यूज उडतो. वाटच नसेल तर पत्रा आपली वाट बघत बसतो. फ्यूज माणसासाठी नसतो, वायरीसाठी असतो, हे फार जणांना ठाऊक नसते. पंधरा अँपिअरचा फ्यूज पंधराच्या आत उडणारच नाही. माणसाला वाचवण्यासाठी आज जे गळती ओळखणारे स्विच मिळतात, ते तीस मिलिअँपिअरला, म्हणजे त्याच्या पाचशेव्या हिश्शाला, वीज तोडतात.

मधल्या काळात आणखी एक घोळ झाला. तांबे दुर्मीळ आणि महाग, म्हणून १९६०नंतर कितीतरी घरांत अ‍ॅल्युमिनियमच्या वायरी पडल्या. अ‍ॅल्युमिनियम स्क्रूखाली हळूहळू दबून सैल होते, वर ऑक्साइडचा थर धरते आणि सांधा तापतो. काळवंडलेले स्विच आणि जळक्या वासाचे बोर्ड यांची पुष्कळ उदाहरणे तिथली. त्या काळातले घर विकत घेणाऱ्याने नुसत्या नव्या प्लेटा बसवून समाधान मानू नये; आत काय आहे ते उघडून बघावे.

तर भाच्याच्या घरी त्या सकाळी तासभर चर्चा झाली. स्वयंपाकघरात पंधराचे चार ठरले. वायरमनला दोन पुरेसे वाटत होते. त्याची वहिनी म्हणाली, मिक्सर आणि ओव्हन एकदम लावायची वेळ रोजच येते, तेव्हा ते चार झाले. देवघरात एक पाचचा. प्रत्येक पाइप कुठून गेला त्याचे भिंत बुजवण्याआधी फोटो काढायचे, हे भाच्याने स्वतःच सुचवले. हे मला आवडले, कारण बॅटनच्या काळात जे डोळ्यांना दिसत होते ते त्याने कागदावर परत आणले.

शेवटी मी वायरमनला विचारले, अर्थिंगचा खड्डा कुठे? तो म्हणाला, ‘‘ते शेवटी बघू, आधी पॉइंट तर होऊ द्या.’’ मी म्हटले, नाही, आज बघू. आम्ही दोघे घराच्या मागे गेलो. मोरीचे पाणी पडून जिथे माती ओली राहील अशी जागा पाहिली आणि त्याने तिथे खडूऐवजी एक वीट उभी करून ठेवली.