गुरांच्या कातडीवरील गांठी

परभणी जिल्ह्याचें विभाजन होऊन 1 मे 1999 रोजीं हिंगोली जिल्हा अस्तित्वांत आला. कयाधूकांठच्या काळ्या रानांत लाल कंधारी बैल ही शेतकऱ्याची मोठी ठेव. 2022 सालच्या पावसाळ्यांत महाराष्ट्रभर पसरलेल्या लम्पी रोगानें या ठेवीवरच घाला घातला.

हा रोग प्रथम 1929 सालीं उत्तर ऱ्होडेशियांत, म्हणजे हल्लींच्या झांबियांत, दृष्टीस पडला. विषारी वनस्पति किंवा कीटकदंश हें त्याचें कारण असावें, असा तेव्हां समज होता. पुढें 1949 पर्यंत दक्षिण आफ्रिकेंत सुमारें 80 लक्ष गुरें त्यानें ग्रासलीं. त्या अवधींत कुठें तो सांसर्गिक असल्याचें पटलें. हिंदुस्थानांत तो 2019 मध्यें ओरिसांत उतरला.

गांठीचा छेद सूक्ष्मदर्शकाखालीं धरला असतां निराळीच गोष्ट उमगते. दोष केवळ कातडीचा नसतो. देवीच्या कुळांतील हा विषाणु रक्तवाहिन्यांच्या भित्तिकांत शिरतो. त्या सुजतात, आंत रक्त गोठून बुजतात, आणि पोषण तुटल्यामुळें गांठीचा मधला भाग मरून गळून पडतो. डोळ्यांतून प्रथम पाणी, मग पू वाहतो. बुबुळावरील पारदर्शक पटल सुजून पांढुरकें होतें. गोठ्यांत त्यास ‘फूल पडलें’ म्हणतात व डोळ्याचें वेगळें दुखणें मानतात. वास्तविक गांठ आणि हें फूल एकाच विषाणूचीं. चावऱ्या माशा, डांस व गोचीड तो एका जनावराकडून दुसऱ्याकडे नेतात. मनुष्यास तो होत नाहीं.

या विद्येचें एक मूळ महाराष्ट्रांतच आहे. 1889 सालीं पुण्यांत पशुरोगांच्या जंतूंची सरकारी प्रयोगशाळा निघाली; 1893 मध्यें ती हिमालयांत मुक्तेश्वरास गेली. तिचीच वाढ म्हणजे इज्जतनगरची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था. तिनें व हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रानें, रांचीकडील गुरांत सांपडलेल्या विषाणूपासून तयार केलेली लस 10 ऑगस्ट 2022 रोजीं जाहीर झाली. परंतु प्रयोगशाळेंतून गोठ्यापर्यंतची वाट लांबची! त्या वर्षीं महाराष्ट्रांत टोचली गेली ती शेळ्यांच्या देवीची लस. विषाणु सगोत्र असल्यामुळें तीही उपयोगीं पडते.

गुरांचे बाजार बंद झाले. मेलेल्या दुभत्या गाईमागें 30,000, बैलामागें 25,000 व वासरामागें 16,000 रुपये सरकारनें देऊं केले. जोडींतला एक बैल गेल्यावर दुसऱ्यास नवा जोडीदार मिळेतों रब्बीच्या पेरणीचे दिवस आले होते.