साल १३४०, पण कुठले?

नांदेड किंवा लातूर जिल्ह्यातल्या जुन्या कागदावर नुसते १३४० असे साल सापडले, तर त्याचा अर्थ काय लावायचा? शके धरले तर इसवी सन १४१८-१९ येते. विक्रम संवत धरला तर १२८३-८४. हिजरी धरले तर सप्टेंबर १९२१ ते ऑगस्ट १९२२, आणि निजामाच्या कचेऱ्यांत चालणारी फसली धरली तर ऑक्टोबर १९३० ते ऑक्टोबर १९३१. असा कागद आज स्कॅन होऊन डिजिटल ग्रंथालयात जातो, तेव्हा त्याच्या नोंदीत 'दिनांक' नावाचा एक रकाना असतो आणि तिथे चार आकडे पडले की संगणकाचे समाधान होते. ग्रंथाची किंवा कागदाची ओळख सांगणाऱ्या अशा नोंदींना मेटाडेटा म्हणतात. त्या कशा भराव्यात याची जगभर चालणारी प्रमाणे आहेत. त्यांतले सर्वांत सुटसुटीत 'डब्लिन कोअर'. अमेरिकेच्या ओहायो राज्यातल्या डब्लिन गावी १९९५ साली झालेल्या बैठकीतून ते निघाले आणि शीर्षक, कर्ता, विषय, दिनांक, भाषा अशा पंधरा रकान्यांवर स्थिरावले. मराठवाड्याचा इतिहास पाहिला, तर रकाने पंधरा असावेत की पन्नास हा प्रश्न दुय्यम ठरतो. कागदावर मुळात काय लिहिले होते आणि आपण त्याचा काय अर्थ लावला, या दोन गोष्टी नोंदीत वेगळ्या राहिल्या की नाही, यावर त्या नोंदीचा भरवसा ठरतो. ही शिस्त इथल्या पोथ्यांत होती. प्रमाणे आली, यंत्रे आली, तेव्हा तीच आधी सुटली.

हस्तलिखित पोथीच्या शेवटी पुष्पिका असते. नक्कल करणारा तिथे शके, संवत्सराचे नाव, मास, पक्ष, तिथी, वार, गाव आणि स्वतःचे नाव लिहितो. पोथी कोणासाठी उतरवली हेही पुष्कळदा सांगतो. शक आणि संवत्सर दोन्ही लिहिणे वरवर पाहता द्विरुक्ती वाटेल, पण त्यात पडताळा आहे. संवत्सरांचे चक्र साठ वर्षांचे असते. शकात बारा मिळवून साठाने भागले, की उरलेली बाकी संवत्सराचा क्रम सांगते. शके १६३० ला बाकी बावीस उरते, म्हणजे संवत्सर सर्वधारीच असले पाहिजे. हात चुकून १६२० पडले, तर आकडा आणि नाव जुळत नाही आणि चूक पाहणाऱ्याच्या लगेच ध्यानात येते. हेच वर्ष नांदेडच्या इतिहासात मोठे आहे, कारण गुरू गोविंदसिंग इथे ज्योतिज्योत समावले ते याच वर्षी. शीख परंपरेत ते संवत १७६५, फारसी कालगणनेत हिजरी ११२०, आजच्या पुस्तकांत १७०८. चारही नोंदी बरोबर आहेत. मात्र त्या एकत्र आणायच्या, तर कुठली नोंद कुठल्या गणनेतली हे आकड्याच्या शेजारीच लिहिलेले हवे.

नांदेड जिल्ह्यातले माहूर हे महानुभावांचे तीर्थ. या पंथाने तर नोंदीच्या शिस्तीचा आणखी पुढचा धडा घालून दिला. म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा ज्याच्या त्याच्या तोंडून ऐकून जमवल्या, आणि मूळ पोथी परचक्राच्या धामधुमीत नाहीशी झाल्यावर अनुयायांनी आठवून त्या पुन्हा लिहिल्या, असे परंपरा सांगते. आठवणी जुळेनात तेव्हा एक पाठ खरा ठरवून बाकीचे पुसून टाकले नाहीत. हा पाठ हिराइसेचा, हा परशरामबासांचा, हा रामेश्वरबासांचा, असे नाव घालून फरक जपले. हे ज्ञान कोणाकडून आले, याची ती नोंद आहे. याच पंथाने सकळ, सुंदरी यांसारख्या सांकेतिक लिप्यांत ग्रंथ उतरवले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. ल. भाव्यांनी त्यांची उकल अभ्यासकांपुढे ठेवली, तोवर यांतल्या बहुतेक ग्रंथांची बाहेरच्यांना ओळखच नव्हती. भाषेच्या रकान्यात 'मराठी' लिहून काम भागत नाही, ते यामुळे. देवनागरी, मोडी आणि सकळ या तिन्हींत मराठीच आहे, पण एक वाचणाऱ्याला दुसरी वाचता येईलच असे नाही. लिप्यांना स्वतंत्र संकेत देणारे आंतरराष्ट्रीय प्रमाण आता आहे आणि २०१४ पासून मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली आहे. सोय झाली, ती वापरण्याची सवय मात्र अजून व्हायची आहे.

स्थळाचा रकाना कालाइतकाच अवघड. लातूर जिल्ह्यातले उदगीर घ्या. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके बीदर जिल्ह्यात होते. पुनर्रचनेत ते मुंबई राज्याकडे येऊन उस्मानाबाद जिल्ह्याला जोडले गेले, आणि १९८२ च्या ऑगस्टमध्ये लातूर जिल्हा झाला तेव्हा लातुरात आले. उस्मानाबादचे नाव आता धाराशिव आहे. त्याच पुनर्रचनेत नांदेडच्या मुधोळ तालुक्यातली मुधोळ, भैसा आणि कुबेर ही मंडळे पलीकडे राहिली आणि आदिलाबादचा किनवट तालुका नांदेडकडे आला. म्हणजे उदगीरच्या १९४० सालच्या कागदावर 'जिल्हा बीदर' हेच बरोबर आहे. तो 'सुधारून' लातूर केला, तर हैदराबाद किंवा बीदरच्या दफ्तरातल्या त्याच्या जोडकागदांशी असलेला दुवा तुटतो. न सुधारता तसाच ठेवला, तर लातूरच्या अभ्यासकाला तो सापडत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर हा पेच आणखी खोल गेला. किल्लारीचे पुनर्वसन नव्या जागी झाले, नाव तेच राहिले. तेव्हा 'किल्लारी' एवढेच लिहिलेले छायाचित्र कुठल्या जागेचे, हे तारखेवाचून सांगता येत नाही.

नावांची गोष्टही तशीच. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते व्यंकटेश भगवानराव खेडगीकर यांनी १९३२ मध्ये संन्यास घेतला आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. पाश्चात्त्य धाटणीची तालिका आडनाव आधी मागते. मग नोंद 'तीर्थ' खाली करायची, 'रामानंद तीर्थ' खाली की 'खेडगीकर' खाली? रोमन लिपीत तर त्याच नावाची दोन-तीन स्पेलिंगे प्रचलित आहेत. त्यांच्या नावाचे विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेडला स्थापन झाले. त्याआधी इथल्या महाविद्यालयांत झालेले संशोधन, १९५८ साली स्थापन झालेल्या औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठाच्या नावावर आहे, आणि त्या विद्यापीठाचेही नाव १९९४ च्या जानेवारीत बदलले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनंतर पीएच.डी.चे प्रबंध 'शोधगंगा' या राष्ट्रीय भांडारात जाऊ लागले. तिथे संशोधक, मार्गदर्शक, विद्यापीठ, विभाग, पूर्ण झाल्याचे साल असे नेटके रकाने आहेत. पण नांदेडच्या महाविद्यालयात १९८५ साली झालेले काम शोधणाऱ्याने नांदेडच्या विद्यापीठाचे पान उघडले, तर तो चुकीच्या दारात उभा आहे. रकान्यात चूक काहीच नाही. फक्त एका संस्थेतून दुसरी निघाली, हा इतिहास सांगायला तिथे जागा नाही.

शिस्त सुटली की काय होते, याचा धडा 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया'ने दिला. या शतकाच्या सुरुवातीला या प्रकल्पात भारतीय भाषांतली लाखो पुस्तके स्कॅन झाली, मराठीही पुष्कळ. पण शीर्षके आणि लेखकांची नावे रोमन लिपीत, ऱ्हस्वदीर्घाचा पत्ता नसलेल्या मनाला येईल त्या स्पेलिंगात टंकली गेली. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासूनच होती, तरीही. वर्षाच्या रकान्यालाही कालगणना कळत नव्हती. मुखपृष्ठावर शके १८४५ छापलेले पुस्तक नुसते १८४५ म्हणून नोंदले, तर १९२३-२४ चे पुस्तक अठ्ठ्याहत्तर वर्षांनी म्हातारे होते. याचे परिणाम कायद्यापर्यंत पोहोचतात. निनावी पुस्तकाचा स्वामित्वहक्क आपल्याकडे प्रकाशनानंतर साठ वर्षे टिकतो, तेव्हा चुकीचे साल म्हणजे हक्काचा चुकीचा हिशेब.

यावर पहिला आक्षेप असा, की आता यंत्र सगळा मजकूर वाचून शोधून देते, मग नोंदींचा खटाटोप कशाला? छापील देवनागरीपुरते हे बरेचसे खरे आहे. पण घसटती मोडी, नस्तालिक उर्दू आणि सकळ लिपी वाचण्यात यंत्र अजून कच्चे आहे. आणि यंत्राने १३४० हे आकडे अचूक वाचले, तरी ते फसली आहेत हे कागदावर लिहिलेले नसते. कागद कोणत्या कचेरीतला, त्याच्या गठ्ठ्यात आणखी काय होते, यावरून ते ठरते. दुसरा आक्षेप पैशाचा आणि माणसांचा. हैदराबाद राज्याने १९५५ साली ग्रंथालय कायदा केला, महाराष्ट्राने १९६७ साली. त्या व्यवस्थेत 'ड' वर्गाच्या गावच्या वाचनालयाला तुटपुंज्या अनुदानात दिवस काढावे लागतात. त्यांच्याकडून ही अपेक्षा करायची का? पंधरा रकाने भरायला सांगणे नक्कीच जाच आहे. पण शीर्षक जसे छापले तसे देवनागरीत उतरवणे आणि सालापुढे 'शके' किंवा 'फसली' एवढा एक शब्द लिहिणे, याला पैसा लागत नाही. दाखल नोंदवही ठेवणाऱ्या ग्रंथपालाला ते आजही जमते. तिसरा आक्षेप तज्ज्ञांचा: स्थानिक नियम घुसडले, तर जागतिक प्रमाणाशी मेळ राहणार नाही. खरे तर डब्लिन कोअरमध्ये प्रत्येक रकाना ऐच्छिक आहे आणि कितीही वेळा वापरता येतो. एका दिनांकात 'फसली १३४०', दुसऱ्यात '१९३०-३१'; एका स्थळात 'जिल्हा बीदर', दुसऱ्यात 'जिल्हा लातूर', असे भरायला ते आडकाठी करत नाही. प्रमाण सैल आहे म्हणून त्याला नावे ठेवली जातात, पण मराठवाड्याला हवी असलेली मोकळीक त्या सैलपणातच मिळते.

फसली म्हणजे काय, हे डब्लिनच्या बैठकीत कोणाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. ते सांगण्याची जबाबदारी नांदेड-लातूरच्या ग्रंथपालांची, दफ्तरदारांची आणि विद्यापीठाची आहे. मूळ शब्द जपले, तर त्यांवरून इसवी सन काढणे, स्पेलिंग एकसारखे करणे, आजचा जिल्हा जोडणे ही कामे उद्या कोणीही करील, यंत्रही करील. उलट नोंदीत फक्त १९३० उरले, तर ते फसलीवरून आले की हिजरीवरून, आणि हिशेब चुकला की बरोबर होता, हे मूळ कागद पुन्हा हातात घेतल्याशिवाय कळणार नाही. अर्थ पुन्हा लावता येतो, पुसलेला शब्द नोंदीतून परत मिळत नाही. म्हणून कुठलेही प्रमाण निवडा, त्यात मूळ मजकुराचा रकाना आधी भरा आणि आपला अर्थ त्याच्या शेजारी, अर्थ लावणाऱ्याच्या नावानिशी लिहा.