बांधकाम करारातील ‘सारभूत पूर्तता’ : नाशिकचा जलसेतू ते भोगवटा प्रमाणपत्र

प्रस्तावना :
पुणे शहरात एखाद्या ग्राहकास सदनिकेचा ताबा मिळाला, भिंती व छत पूर्ण आहेत. परंतु महानगरपालिकेचे भोगवटा प्रमाणपत्र नाही. अशा वेळी विकासकाने करार पाळला असे म्हणता येईल काय? या प्रश्नामागे ‘सारभूत पूर्तता’ या तत्त्वाचा दीर्घ इतिहास आहे.

तत्त्वाचा उगम :
कटर विरुद्ध पॉवेल (1795) या इंग्लिश खटल्यात जमैकाहून लिव्हरपूलला निघालेला खलाशी वाटेतच मरण पावला. प्रवास अपूर्ण राहिला म्हणून त्याच्या विधवेस काहीही मिळाले नाही. या कठोरतेवर उपाय म्हणून काम मुख्यत्वे पूर्ण असल्यास मोबदला द्यावा व उणिवेचा खर्च वजा करावा, हे तत्त्व रुजले. होनिग विरुद्ध आयझॅक्स (1952) मध्ये 750 पौंडांच्या कामात सुमारे 55 पौंडांची उणीव असूनही कारागिराचा हक्क मान्य झाला. 1872 च्या भारतीय करार कायद्यात ही संज्ञा नाही. मात्र कलम 55 मुदतीचा, तर कलमे 73 व 74 नुकसानभरपाईचा विचार करतात.

महाराष्ट्रातील दोन खटले :
नाशिक डाव्या कालव्यावर, तेथील आळंदी नदीवरील जलसेतूचे काम जुलै 1955 मध्ये बारा महिन्यांच्या मुदतीने देण्यात आले. काम मुदतीत न झाल्याने ऑगस्ट 1956 मध्ये करार रद्द झाला. हिंद कन्स्ट्रक्शन विरुद्ध महाराष्ट्र राज्य (1979) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे रद्द करणे अवैध ठरविले. करारातच दंडाची व मुदतवाढीची तरतूद असल्याने मुदत हा त्याचा गाभा नव्हता; वाजवी मुदतीची नोटीस देणे आवश्यक होते.

याउलट, मुंबईतील समृद्धी सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या सभासदांना 1997 मध्ये ताबा मिळाला, पण भोगवटा प्रमाणपत्र मिळाले नाही. परिणामी मालमत्ता कर 25 टक्के, तर पाणीपट्टी 50 टक्के अधिक भरावी लागली. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही सेवेतील त्रुटी व सतत चालू राहणारी चूक मानून तक्रार ग्राह्य धरली. 1963 च्या महाराष्ट्र सदनिका मालकी कायद्यानेच आवश्यक पूर्णत्वाच्या दाखल्याशिवाय ताबा देण्यास मनाई केलेली आहे.

निष्कर्ष :
उणीव किती दिवसांची वा किती रुपयांची, यापेक्षा ती कराराच्या हेतूस बाधा आणते काय, हा खरा निकष होय. नाशिकला मुदत टळूनही जलसेतूचा हेतू साध्य होण्याजोगा होता. मुंबईत इमारत उभी राहूनही कायदेशीर निवासाचा हेतू अपुरा राहिला. पुण्यातील सदनिकाधारकाच्या प्रश्नाचे उत्तरही याच निकषात आहे.