वजन न वाढवता जड होणं : शर्यतीची गाडी आणि वारा



असोद्यात उभं राहून फॉर्म्युला वनच्या गाडीवर बोलायचं म्हटल्यावर काहींना नवल वाटलं असेल. बहिणाबाईंचं हे जन्मगाव. इथं ओवीवर बोलावं, शेतीवर बोलावं. पण आमचा आजचा विषय मुळात वारा आहे, आणि वाऱ्याशी या गावाची ओळख जुनी आहे. खळ्यात उपणणी करताना टोपली उंच धरून धान्य हळूहळू सोडतात. भुसा वाऱ्यानं लांब जातो, दाणा पायाशी पडतो. हलकं उडतं, जड टिकतं. शर्यतीच्या गाडीचा पेच हाच. वेगासाठी तिला हलकं असावं लागतं आणि वळणावर टिकण्यासाठी जड.

मग वजन वाढवावं का? नाही. गाडीत दोन क्विंटल जादा भरले तर टायर रस्त्यावर जास्त दाबले जातात, हे खरं. पण तेच दोन क्विंटल वळणावर गाडीला बाहेरही ढकलतात. एका हातानं मिळालं, दुसऱ्या हातानं गेलं. म्हणून हा दाब वाऱ्याकडून घ्यायचा. विमानाचा पंख वर उचलतो. तोच उलटा लावला की गाडी खाली दाबली जाते. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलला पवनचक्क्या आहेत, त्यांची पाती फिरतात तीही याच तत्त्वावर.

1956 मध्ये मायकेल मे या तरुण अभियंत्यानं पोर्शच्या छोट्या गाडीवर असा उलटा पंख बसवून ती नुरबर्गरिंगला नेली. त्याला पंखासह शर्यतीत उतरू दिलं नाही. बारा वर्षांनी, 1968 मध्ये, फॉर्म्युला वननं तीच कल्पना उचलली. बारीक दांड्यांवर उंच पंख उभे राहिले.

1969 मध्ये बार्सिलोनाच्या मोंटजुइक मार्गावर ग्रॅहम हिल आणि योखेन रिंट यांच्या लोटस गाड्यांचे पंख एकाच शर्यतीत, एकाच जागी मोडले. दोघं वाचले. लगेच पुढच्या मोनॅकोच्या शर्यतीत उंच पंखांवर बंदी आली, चालत्या गाडीत हलणारे पंखही बंद झाले. पुढं परवानगी मिळाली ती गाडीच्या अंगाला पक्क्या बसवलेल्या, बुटक्या पंखांना.

आता पुढचं ऐका. 1975, तोच मोंटजुइक. रोल्फ स्टोमेलेनच्या गाडीचा मागचा पंख तुटला, गाडी उडाली आणि प्रेक्षक मेले. हा संघ कोणाचा होता? ग्रॅहम हिलचा. सहा वर्षांपूर्वी त्याच मार्गावर पंख तुटून स्वतः वाचलेल्या माणसाचा! यात आम्ही हिलला दोषी धरत नाही. पण अनुभव असूनही धोका कसा परत येतो, हे इथं दिसतं.

तोवर अभियंत्यांचं लक्ष गाडीच्या पोटाकडं वळलं होतं. पुलाच्या खांबांमधून जाताना नदीचं पाणी वेग घेतं, तशी अरुंद जागेतून जाणारी हवाही वेग घेते. आणि वेग वाढला की तिचा दाब घटतो. बर्नुलीनं हा विचार 1738 मध्ये मांडला होता. कॉलिन चॅपमन आणि पीटर राइट यांच्या लोटसनं 1977 मध्ये गाडीचा तळच तसा घडवला. बाजूनं हवा आत शिरू नये म्हणून रस्त्याला टेकणाऱ्या पट्ट्या लावल्या. हाच ग्राउंड इफेक्ट. 1978 मध्ये मारिओ आंद्रेत्ती याच लोटसवर जगज्जेता झाला.

पण पट्टी अडकली की बाजूनं हवा आत शिरणार आणि चिकटून धावणारी गाडी त्याच क्षणी सुटणार. चालकाला आगाऊ इशारा नाही. म्हणून 1983 पासून तळ सपाट करण्याची सक्ती झाली. 2022 मध्ये ग्राउंड इफेक्ट परत आला, कारण पुढच्या गाडीनं घुसळलेल्या हवेत मागच्या गाडीला जवळ जाता येत नव्हतं. तेव्हा गाड्या सरळ रस्त्यावरच उसळू लागल्या, चालकांच्या पाठी दुखू लागल्या, आणि हंगामाच्या मध्येच उसळीवर मर्यादा घालावी लागली. 2026 च्या नियमांत तळ पुन्हा सपाटीकडं झुकला, आणि 1969 मध्ये बंद केलेले हलते पंख आता नियमांचाच भाग आहेत.

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, म्हणून इथं कांट आठवतो. तो एका कबुतराची कल्पना करतो. उडताना हवेचा अडथळा जाणवल्यावर त्याला वाटतं, हवाच नसती तर किती छान उडलो असतो! पण हवा नसेल तर उडणंच नाही. गाडीचंही तसंच. जी हवा तिला अडवते, तीच तिला रस्त्यावर धरून ठेवते. नियमाचंही तसंच आहे. तो अडवतो, म्हणून बुद्धीला नवी वाट काढावी लागते. आमची तक्रार एवढीच, की नियम बहुधा अपघाताच्या मागून येतो.

आज आयआयटी मुंबईची मुलं विजेवर चालणारी शर्यतीची गाडी बांधून सिल्व्हरस्टोनला नेतात. कोइमतूरजवळ कारी मार्गावर फॉर्म्युला भारत स्पर्धेला देशभरातली मुलं येतात. त्यांच्या गाड्यांचे पंख एवढे मोठे का? वेग निम्मा झाला की हवेचा दाब चौथाईवर येतो, म्हणून. आपल्या खान्देशातल्या मुलांनीही या वाटेला जावं, असं आम्हाला मनापासून वाटतं. पंख जरूर लावा, बाळांनो. फक्त तो किती दाब देईल हे मोजण्याआधी, तो तुटला तर कोणावर पडेल, हे विचारा.