दगडाचा पातळ काप

तुंगारेश्वरच्या डोंगरापासून पनवेलपर्यंतचा काळा कातळ म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. कोकणपट्टीत त्याच्या काही भेगांवर गुळगुळीत, एकाच दिशेचे ओरखडे दिसतात. कातळाला घासून कातळ सरकला, तो हा भ्रंश. अशा ओरखड्यांवरूनच मुंबईच्या आयआयटीतल्या संशोधकांनी २०१४ मध्ये सेशेल्स भारतापासून तुटतानाचे ताण मांडले. पण सरकताना दगड आतून फुटला की वाहिला, हे कळायला त्याचा पातळ काप लागतो. त्या कापाचं कूळ शेफील्डचं.

तिथल्या हेन्री क्लिफ्टन सॉर्बीने १८४९ मध्ये दगड इतका घासला की प्रकाश आरपार गेला. अश्मीभूत लाकूड असं घासण्याची युक्ती एडिंबरोत आधीच होती. डोंगर कधी सूक्ष्मदर्शकातून बघतात का, म्हणून लोक सॉर्बीला हसले. १८५३ मध्ये त्याने पाटीच्या दगडातले अभ्रकाचे कण एका दिशेला वळल्याचं दाखवलं: पाटीचे पापुद्रे सुटतात ते दाबामुळे. माझ्या मते भ्रंश वाचण्याची विद्या इथेच सुरू झाली. १८८५ मध्ये चार्ल्स लॅपवर्थला स्कॉटलंडच्या एका भ्रंशातला बारीक पट्ट्यांचा दगड नुसता भरडलेला वाटला. पुढे कापांनीच हे मत बदललं. खोलवरच्या उष्णतेत क्वार्ट्झचे कण न तुटता वाहिले होते, नव्याने स्फटिकले होते.

काप करणं आजही हातकसबाचं काम आहे. चकती काचेला चिकटवून घासत जायची. फेल्डस्पारच्या कांड्या ध्रुवित प्रकाशात पिवळसर दिसल्या तर काप अजून जाड आहे. राखाडी झाल्या की ०.०३ मिलिमीटर गाठलं, थांबायचं. आपल्या कातळात भ्रंश उथळ असेल तर या कांड्या कोनाकोनाने मोडलेल्या दिसतात आणि फटीत कॅल्साइट भरलेलं असतं. त्याचे तंतू ज्या बाजूला वाढले, तिकडे कातळ सरकला. कॅल्साइटचे कणही मोडलेले असतील, तर भेग पुन्हा हलली.

नोव्हेंबर २०१८ पासून पालघर जिल्ह्यातल्या डहाणू-तलासरीत भूकंपाचे धक्के बसू लागले. त्यांचा उगम काही किलोमीटर खोल, वरच्या कातळाच्या कापात न सापडणारा. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाच्या कोयनेत, गोठणे इथे, तीन किलोमीटर खोल छिद्र घेतलं, तेव्हा सुमारे सव्वा किलोमीटर बेसॉल्टखाली ग्रॅनाइट लागला. पालघरच्या पोटातलाही दगड असाच कापाखाली यायला हवा.