अकरा महिन्यांचं घर

परवा नातवाचा फोन आला. ठाण्यात घोडबंदर रोडला दोन खोल्या भाड्यानं मिळाल्या, घरबसल्या अंगठा देऊन करारही झाला. "पण आजी, सगळीकडे अकराच महिने का गं?" त्याला सांगितलं तेच इथे लिहिते. शिक्षिकेची खोड, दुसरं काय!

अकराचं कारण साधं. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार वर्षावरचा भाडेपट्टा नोंदवावा लागे, म्हणून एक महिना कमी. पण खरी गोष्ट भीतीची आहे.

१९४७ साली मुंबईचा भाडे नियंत्रण कायदा आला. १ सप्टेंबर १९४० ला जे भाडं होतं तेच 'स्टँडर्ड रेंट' म्हणून गोठलं आणि भाडेकरूला हलवणं महाकठीण झालं. मालकांनी पळवाट काढली. भाडेकरू नकोच, 'लिव्ह अँड लायसन्स'वाला ठेवायचा. १९७३ साली सरकारनं ती वाटही बुजवली. १ फेब्रुवारी १९७३ ला ज्याचं लायसन्स चालू होतं, तो भाडेकरू ठरला.

आमचे मामा त्या दिवशी नौपाड्यात असेच लायसन्सवर राहत होते. त्यांनी पेढे वाटले.

आणि १९७४ च्या जूनमध्ये आम्ही दोघं जागा शोधायला निघालो! अर्धवट उघडलेल्या दारातून उत्तर यायचं, "बँकेला देऊ, कंपनीला देऊ, माणसांना नाही." नव्या लोकांना ते संरक्षण नाही, हे आमचे हे पोटतिडकीनं समजावत. मालक म्हणत, "आज नाही. उद्या सरकार आणखी एक तारीख काढेल." सहा वर्षांत चार बिऱ्हाडं झाली. एकदा तर कोऱ्या कागदावर सही करून दिली.

मामांच्या मालकीणबाई त्याच घरात जिन्याखालच्या खोलीत राहायच्या. मुलाचं लग्न ठरलं तेव्हा त्या जागा मागायला आल्या. मामा शांतपणे म्हणाले, "कायद्यानं मी भाडेकरू आहे." मी आत चहा गाळत होते. त्याच सकाळी आमच्या मालकानं महिनाअखेर खोली सोडायला सांगितली होती. तरी मी एक शब्द बोलले नाही. पुढची खोली मामांच्याच ओळखीनं मिळायची होती. (मामेभावंडं हे वाचतील, रागावतीलही. रागवा.)

३१ मार्च २००० पासून नवा कायदा लागू झाला. मुदत संपली की लायसन्सवाल्यानं जागा सोडायची, नाही सोडली तर दुप्पट भरपाई. कराराची नोंदणी मात्र सक्तीची, मग तो कितीही महिन्यांचा असो, आणि ती करून घेणं मालकाची जबाबदारी. खरं तर अकराचं कारणच उरलं नाही, पण आकडा चिकटला तो चिकटलाच. मालकांची धास्ती कमी झाली, म्हणून तर नातवाला आठवड्यात घर मिळालं. जुन्या भाडेकरूंचं संरक्षण मात्र राहिलं.

नातवानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग त्या बाईंचं काय झालं?"

मुलगा लग्नानंतर कल्याणला गेला. त्या जिन्याखालीच राहिल्या, शेवटपर्यंत.