नोकरी सांभाळून बी. ए. : एका जुन्या प्रश्नाचा इतिहास

भोरजवळच्या उत्रोलीत आमचे घर आहे. आयटीआय करून मी शिरवळच्या बाजूला एका कारखान्यात फिटर म्हणून लागलो, त्याला आता बरीच वर्षे झाली. गेल्या वर्षी मी घरात विषय काढला की मला इतिहास घेऊन बी. ए. करायचे आहे, नोकरी न सोडता. पत्नीने विचारले, "अहो, त्याने पगार वाढणार आहे का?" वाढणार नाही, हे मला माहीत होते आणि तिलाही. मी गप्प बसलो.

हा प्रश्न माझ्या एकट्याचा असता तर तो येथे मांडण्याचे कारण नव्हते. पण आपल्या समाजात पोटासाठी राबणाऱ्या माणसाने शिकावे की नाही, आणि शिकायचेच तर काय शिकावे, हा वाद जुना आहे. जोतीराव फुल्यांनी १८५५ साली राबणाऱ्या स्त्रीपुरुषांसाठी आपल्या घरी रात्रीची शाळा काढली, तेव्हापासून तरी तो चालू आहे. आणि गंमत अशी की या वादातील दोन्ही बाजू आपल्याला बाबासाहेबांच्याच आयुष्यात सापडतात.

ऑक्टोबर १९४२ मध्ये, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना, बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे एक निवेदन सरकारला दिले. त्यातला शिक्षणाचा भाग आजही वाचणाऱ्याला धक्का देतो. कला शाखेच्या आणि कायद्याच्या शिक्षणाने अस्पृश्यांच्या हाती फारसे लागणार नाही. त्यांना वर नेईल ते विज्ञानाचे आणि तंत्राचे उच्च शिक्षण, आणि ते त्यांच्या ऐपतीबाहेरचे असल्यामुळे सरकारने त्याचा भार उचलावा, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९४४ पासून केंद्राच्या शिष्यवृत्त्या सुरू झाल्या, त्यामागे ही खटपट होती. म्हणजे माझ्या पत्नीचा प्रश्न हा काही अडाणीपणाचा प्रश्न नव्हे. बाबासाहेबांनीच तो तिच्या आधी विचारलेला आहे. मीही त्याच वाटेने आयटीआयला गेलो आणि त्या वाटेने आमच्या घरात भाकरी आली, हे मी विसरत नाही.

परंतु त्याच बाबासाहेबांनी ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि २० जून १९४६ रोजी मुंबईत जे सिद्धार्थ कॉलेज उघडले ते कला आणि विज्ञान अशा दोन्ही शाखांचे होते. त्याच १९४६ साली शूद्र कोण होते या विषयावरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि १९४८ साली अस्पृश्यांच्या उगमावरचा. गावाबाहेरची वस्ती गावाबाहेर का, याचे उत्तर यंत्रशाळेत मिळत नाही. ते शोधायला इतिहास, धर्मशास्त्र, मानववंशशास्त्र यांच्यातच शिरावे लागते, आणि ते स्वतः कोलंबियात असतानाच त्यात शिरले होते. जातींच्या उत्पत्तीवरचा त्यांचा निबंध मे १९१६ चा, मानववंशशास्त्राच्या परिसंवादात वाचलेला. मला यात विसंगती दिसत नाही. सरकारकडे मागताना त्यांनी पोटाचे मागितले. स्वतःची संस्था काढली तेव्हा तिच्यात डोक्याचेही ठेवले.

सिद्धार्थ कॉलेजच्या वेळापत्रकाकडे आपल्या इतिहासकारांनी फारसे लक्ष दिलेले नाही. वर्ग सकाळचे होते. कारकून, पट्टेवाला, कामगार यांनी सकाळी तास करावेत आणि तेथून थेट कामावर जावे, अशी ती योजना. सुरुवात युद्धकाळातल्या लष्करी बराकीत झाली. पहिले प्राचार्य अ. बा. गजेंद्रगडकर हे संस्कृतचे नामांकित पंडित. ज्या विद्यार्थ्याला शाळेत संस्कृत नाकारले गेले आणि म्हणून फारसी घ्यावी लागली, त्याने आपल्या कॉलेजवर संस्कृतचाच पंडित नेमला. कॉलेज सर्व जातींना खुले होते. ही सकाळची वेळ दयेतून आलेली नव्हती. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागणे, १९१८ ते १९२० सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवणे आणि मग पुन्हा लंडन गाठणे, हे ज्याने भोगले होते त्याला ठाऊक होते की आपला विद्यार्थी नोकरी सोडून शिकू शकणार नाही.

या सकाळच्या विद्यार्थ्यांत माझे एक चुलते होते. भोर संस्थान ८ मार्च १९४८ रोजी विलीन झाले. त्यानंतर काही वर्षांनी ते मुंबईला गेले आणि गोदीत कामाला लागले. पहाटे उठून कॉलेज, मग काम. इंटरपर्यंत पोचले आणि पाळी बदलल्यावर सुटले ते सुटलेच. मी बी. ए.ची गोष्ट काढली तेव्हा ते म्हणाले, "माझं अर्धं राहिलं त्याचं वाईट वाटत नाही. पण तिथं जे ऐकलं त्याच्यामुळं मला पुन्हा कुणापुढं वाकता आलं नाही." तात्यांच्या या हिशेबात पगाराचा रकाना नाही. त्याच कॉलेजात १९५० साली सिद्धार्थ साहित्य संघ निघाला आणि तेथून जी वाट फुटली ती मार्च १९५८ मधील दादरच्या पहिल्या दलित साहित्य संमेलनापर्यंत गेली. आपल्या साहित्याच्या उगमाबद्दल बरेच लिहिले गेले. त्यात सकाळच्या त्या तासांनाही जागा असायला हवी.

पुढे मुंबई विद्यापीठाने १९७१ साली पत्राद्वारे शिक्षण सुरू केले, नाशिकला १९८९ साली यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. वाट रुंद झाली. मात्र घरी बसून पदवी घेणाऱ्याला बराकीतला तो बाक मिळत नाही, शेजारी बसलेला दुसऱ्या गावचा कामगार मिळत नाही. हा तोटा लहान नाही.

तरीही मला इतिहासच का घ्यायचा, हे सांगतो. आमच्या आजोबांच्या ट्रंकेत वतनासंबंधी एक मोडी कागद आहे. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कौन्सिलात महार वतनाच्या सुधारणेचे विधेयक आणले. वतने कायद्याने गेली ती १९५८ च्या कायद्यानंतर. आमच्या घरात तो कागद जपला गेला, पण वाचता कोणालाच आला नाही. आपल्या गुलामीचा दस्तऐवज आपल्याच ट्रंकेत आणि तो वाचायला दुसऱ्याकडे जायचे! रोहिडखोऱ्याचा इतिहास म्हणजे देशमुखांचा आणि किल्ल्यांचा इतिहास, असे आम्हाला शाळेत वाटत असे. पण जुने महजर पाहिले तर गावाच्या शिवेचा तंटा पडला की महाराची साक्ष निर्णायक धरीत. शीव त्याने चालून दाखवायची, आणि त्याच शिवेच्या आत वावरताना अंग चोरायचे. या दोन गोष्टी एका माणसात कशा नांदल्या, हे मला कोणीतरी सांगितल्याने पुरणार नाही, कागदावरून वाचायचे आहे. बी. ए.ने मोडी आपोआप येणार नाही हे खरे. पण कागदाला प्रश्न कसा विचारावा, त्यावर कितपत विश्वास ठेवावा, हे तेथे शिकता येईल अशी माझी समजूत आहे.

एक गोष्ट मात्र मी लिहिता लिहिता टाळत होतो. पुरुष शिकतो तेव्हा त्याचे काम कोण करते? बाबासाहेब परदेशी शिकत होते तेव्हा रमाबाईंनी काय सोसले, याला आपण त्याग म्हणतो आणि पुढे जातो. उर्मिला पवारांनी सरकारी नोकरी आणि संसार सांभाळून मराठीत एम. ए. केले, त्यासाठी घरात काय ऐकावे लागले ते २००३ सालच्या 'आयदान'मध्ये त्यांनी लिहून ठेवले आहे. त्यांनी आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना गाठून, त्यांच्या मुलाखती घेऊन १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक सिद्ध केले. आपल्याकडच्या इतिहासलेखनातले हे मोठे काम नोकरी-संसारातून वेळ काढूनच झाले आहे.

हे पुस्तक मी घरी आणून ठेवले होते. पत्नीने ते माझ्या आधी वाचून संपवले. मग एका रात्री म्हणाली, "तुम्ही बी. ए. करा. पण माझी बारावी लग्नात राहिली, ती आधी मोजा." मी हिशेब मांडायला बसलो. तीन वर्षांचे रविवार, पाळीच्या रात्री, मुलीची शिकवणी, दोन फिया. ओव्हरटाइम सुटला तर जमत नव्हते. महिन्यातून दोनच रविवार घेतला तर कसेबसे जमत होते.

तिचा सतरा नंबरचा फॉर्म आधी भरला, माझा प्रवेश नंतर. आता रविवारी सकाळी स्वयंपाक मी करतो आणि ती इंग्रजीचे पुस्तक घेऊन ओट्यावर बसते. दुपारी अभ्यासाची पाळी माझी. तात्यांनी मोडीच्या बाराखडीचे एक जुने पुस्तक पाठवले आहे. ट्रंकेतल्या कागदाच्या पहिल्या ओळीतली चार अक्षरे मला आतापर्यंत लागली आहेत.